तहान कोण्या पाण्याची

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी आमचा खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं त्यात येतात. जमीन काळी, खोल, पऱ्हाटीले आणि तुरीले चांगली. पण खाली पाणी खारं. विहीर खोदली तर पाणी लागते, भरपूर लागते, पण त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाले फेस येत नाही. माणूस ते प्यायला तर पोट फुगते, घसा मात्र कोरडाच राहते. थोड्या वेळानं पुन्हा प्यावंसं वाटते. माझी माय म्हणे, “पानी हाय पोरा, पन पेयाचं नाई.”

पिण्याचं पाणी आणायले बंडीवर टिपाडं लादून दूर गोड्या विहिरीवर जावं लागे. पुढं वान आणि शहानूर या धरणांचं पाणी नळानं काही गावांत आलं. तरी आठ-पंधरा दिवसांनी नळाची पाळी येते अशी गावं अजून आहेत. अशा मुलखात वाढलेल्या माणसाले तहान काय असते हे शिकवावं लागत नाही. भरलेल्या विहिरीच्या काठावरही माणूस तहानलेला राहू शकते, हे आमच्या लेकराले सुद्धा माहीत असते.

कीर्तनकार देवाची तहान म्हणतात तेव्हा मले ही विहीर आठवते. आमच्या घरात माळ आहे, एकादशी आहे, वारी आहे. गावात देवळं वाढली, सप्ते वाढले, भोंगे वाढले. पाणी काही कमी नाही. मग माणसाचा घसा कोरडा का? आणि दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. देवाची तहान लागलेला माणूस लोकांच्या जवळ येते की लोकांपासून दूर जाते? घरची, गावची माणसं टाकून देवाच्या मागं गेलेले किती तरी लोक आपण पाहतो. त्यांले संत म्हणावं की पळपुटे म्हणावं?

या प्रश्नांवर मराठीत सगळ्यांत उघडं बोलणं मले ख्रिस्ती माणसांच्या चरित्रांत सापडलं. त्याचं कारणही आहे. जो जन्मभर एकाच विहिरीचं पाणी पिते, त्याले आपली तहान कशी आहे हे सांगायची पाळी येत नाही. जो गावची विहीर सोडून दुसऱ्या विहिरीवर जाते, त्याले सगळे विचारतात, “का गेला रे बाबा?” त्याले उत्तर द्यावं लागते. पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक या दोघांले ते द्यावं लागलं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. बाप अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोले आणि मुलींले संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस. हे कुटुंब तीर्थांतीर्थी फिरलं. पुराण सांगायचं, मिळेल ते खायचं, दानधर्म करायचा, उपास करायचे. मग दुष्काळ आला. आई-बाप गेले, बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याले पोचले. जेवढी देवळं आणि जेवढ्या नद्या या पोरीनं पाहिल्या असतील तेवढ्या आमच्या साऱ्या तालुक्यानं मिळून पाहिल्या नसतील. तरी तिची तहान तशीच होती. पुढं लग्न झालं, दोन वर्षांत नवराही गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. एक धर्म सोडला, दुसरा घेतला, तहान भागली, असं सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत आणि ती साऱ्याच धर्मांत आहेत. रमाबाईंनी पुढं १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिली. तिच्यात त्यांनी कबूल केलं आहे की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याले ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. केवढं धाडसाचं बोलणं आहे हे! ज्या विहिरीसाठी सारा समाज तुटला, त्या विहिरीच्या काठावर बसून ही बाई सांगते की, माझा घसा इतकी वर्षं कोरडाच होता. धर्म म्हणजे विहिरीचं बांधकाम. दगड पक्के, काठ उंच, रहाट चांगला. पण पाणी गोडं आहे की नाही हे बांधकामावरून कळत नाही. ते पिऊन पाहावं लागते, आणि पिणाऱ्यानं खरं सांगावं लागते.

अकोल्याच्या बाजारात माझी एका ख्रिस्ती मास्तरांशी जुनी ओळख होती. अकोल्यात अलायन्स मिशनचं ठाणं शंभरावर वर्षांचं, त्यामुळं तिथं चर्च आणि ख्रिस्ती वस्ती काही नवी नाही. मास्तर पोटभर हसणारे होते. एकदा मी त्यांले सरळच विचारलं, “मास्तर, तुमची तहान भागली काय?”

ते म्हणाले, “भागली असती तं दर रविवारी कायले गेलो असतो भाऊ? तुम्ही सालोसाल पंढरपूरले जाता, तुमची भागली काय?”

मी म्हटलं, “नाही.”

“मंग झालं. आमच्यातबी खाऱ्या विहिरी हायेत अन् तुमच्यातबी हायेत. ज्याले खारं लागते त्यानं खारं म्हनावं, एवढंच.”

टिळकांची गोष्ट रमाबाईंपेक्षा मले जवळची वाटते, कारण ते आपल्या नागपूरकडं राहून गेले. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. कवी माणूस, संस्कृतचा जाणकार, पण एका जागी ठरत नसे. नोकरी धरायची आणि सोडायची, घरातून उठून कुठंही निघून जायचं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावले जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. त्यानं नवा करार वाचायले दिला. येशूनं डोंगरावर केलेला उपदेश टिळकांनी वाचला आणि तिथंच ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ले मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढचं बहुतेक आयुष्य अहमदनगरले मिशनच्या कामात गेलं.

आता पाहा. टिळकांनी तुकोबाले टाकलं नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, अशा अर्थाचं ते सांगत. त्यांनी चर्चमध्ये कीर्तन नेलं, अभंग नेला, टाळ-मृदंग नेला. कोण्या वारकऱ्याले हे आवडणार नाही, कोण्या पाद्र्याले तेही आवडलं नसेल. पण तहान एकच होती, म्हणून तिचं गाणंही एकच राहिलं. आणि ती बाप्तिस्म्यानं संपली नाही. बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, या माणसानं मिशनची बांधलेली नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही लोक येऊ शकत होते. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हे मोठं काव्य अपुरं राहिलं.

म्हणजे मरेपर्यंत तहान. मग हे अपयश म्हणायचं काय? मले तसं वाटत नाही. खाऱ्या पाण्याची तहान आणि गोड्या पाण्याची तहान यांत फरक आहे. खारं पाणी प्यायलं की तहान लागते, पण ती घशाची जळजळ असते. माणूस चिडते, दुसऱ्याले हाकलते, विहिरीवरून भांडते. गोडं पाणी प्यायल्यावर उद्या पुन्हा तहान लागतेच, पण आज जीव निवलेला असते. उद्याची तहान ही जिवंत असल्याची खूण आहे. ज्याले तहानच लागत नाही अशा माणसाले आम्ही दवाखान्यात नेतो.

पण मघाचा दुसरा प्रश्न इथंच येऊन टोचते. टिळकांच्या तहानेपायी घरात कोण तहानलं? त्यांच्या बायकोले, लक्ष्मीबाईंले, नवऱ्याचं धर्मांतर म्हणजे घरावर वीज पडावी तसं झालं. कुशीत लहान लेकरू. ती काळाची रीत, सोवळं-ओवळं, माहेरची-सासरची बोलणी. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ मध्ये त्यांनी हे सारं लिहिलं आहे, आणि रडगाणं न करता लिहिलं आहे, काही जागी तर हसवत हसवत. म्हणून वाचणाऱ्याच्या जिवाले ते जास्त लागते.

देवाची तहान लागलेल्या माणसाचं सारंच माफ, असं मी मानत नाही. माझ्या डोळ्यांसमोर अशी घरं आहेत, जिथं कर्ता माणूस बुवांच्या मागं फिरला आणि बाईनं निंदण-खुरपण करून लेकरं जगवली. त्या बाईले कोणी संत म्हटलं नाही. टिळकांच्या मोठेपणातून लक्ष्मीबाईंच्या त्या वर्षांचं दुःख वजा होत नाही. त्या दुःखाचा हिशेब वेगळाच मांडावा लागते.

पण लक्ष्मीबाई तिथंच थांबल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. त्या नवऱ्याच्या मागं डोळे मिटून गेल्या नाहीत. आधी कोणाच्या हातचं खायचं, कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, हा आपल्या मनातला जुना गुंता त्यांनी स्वतः विचार करून सोडवला. देवानं माणसं केली, जाती माणसांनी केल्या, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि मग त्यांनी कोणाच्याही हातचं पाणी चालवून घेतलं. त्यानंतर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. शाळेत नीट न गेलेल्या या बाईनं पुढं नवऱ्याचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. दहावीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्याले याचं मोल जास्त कळते. टिळकांची तहान पुस्तकातून सुरू झाली. लक्ष्मीबाईंची तहान पाण्याच्या भांड्यापासून सुरू झाली: हे कोणाच्या हातचं आहे, इथून.

आणि मले वाटते, खरा रस्ता तोच आहे. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे, ती शहरातल्या माणसापेक्षा खेड्यातल्या माणसाले लवकर कळते. येशू चालून चालून थकला आणि याकोबाच्या विहिरीवर बसला. आजच्या पॅलेस्टाइनमध्ये नाब्लुस गावी ती विहीर अजून दाखवतात. भर दुपारची वेळ. एक शमरोनी बाई पाणी भरायले आली. आता आमच्याकडं बाया पाण्याले जातात सकाळी नाही तर दिवस कलल्यावर, चार जणी मिळून. भर दुपारी एकटी येते म्हणजे तिच्याशी गाव बोलत नसेल, हे आमच्या आजीले कोणी सांगायची गरज पडली नसती. पुढं कळतेच की तिचे पाच नवरे झालेले आणि आता राहते तो नवराही नाही.

येशू तिले पाणी मागते. ती दचकते. यहुदी लोक शमरोन्यांच्या भांड्याले शिवत नसत. ती म्हणते तुम्ही माझ्याकडं पाणी कसं मागता. मग जिवंत पाण्याचं बोलणं निघते, आणि ती बाई अगदी खेड्यातल्या बाईसारखं बोलते: तुमच्याकडं ना दोर ना बादली, विहीर तर खोल. आणि तसलं पाणी खरंच असेल तर मले द्या, माझी रोजची खेप तरी चुकेल. शेवटी ती आपली घागर तिथंच टाकून गावात पळत जाते आणि ज्या गावाले टाळून ती दुपारी पाण्याले आली होती, त्याच गावाले हाका मारते.

ही गोष्ट मी पुष्कळदा वाचली. त्यात येशूले पाणी मिळालं असं कुठंच लिहिलेलं नाही. मागणारा तहानलेलाच राहिला की काय, कोण जाणे. पण बाईचं काम झालं. तहानलेली ती होती असं आपल्याले वाटते, आणि पहिल्यांदा पाणी मागते तो देव. पुढं क्रुसावरही त्यानं तहान लागल्याचं बोलून दाखवलं, असं तेच शुभवर्तमान सांगते.

वऱ्हाडच्या माणसाले ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्या गजानन महाराजांच्या पोथीत अकोलीचा प्रसंग आहे. उन्हातान्हात महाराज भास्कर पाटलाच्या वावरात जाऊन पाणी मागतात. पाटील पाणी देत नाही, वरून चार शब्द सुनावते. महाराज जवळच्या कोरड्या विहिरीपाशी जातात आणि तिले पाणी येते. भास्कर पाय धरते. दोन्ही पोथ्यांत तहानलेला होऊन येते तो मोठा, आणि परीक्षा होते ती ज्याच्या हाती पाण्याचं भांडं आहे त्याची. एकीनं आधी प्रश्न विचारला, एकानं आधी नाही म्हटलं. पण दोघंही तिथंच बदलले.

आमच्याकडं पाण्याच्या भांड्याची परीक्षा पिढ्यान् पिढ्या झाली आणि पिढ्यान् पिढ्या आम्ही नापास झालो. माझ्या आजीच्या काळी वावरात कामाले आलेल्या काही रोजदारांले पाणी वरून ओंजळीत घालत. भांडं वर आणि माणूस खाली. तेच लोक संध्याकाळी देवळात देवाच्या तहानेचे अभंग म्हणत. १९२७ मध्ये महाडले बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच वर्षी आमच्या अमरावतीत अंबादेवीच्या देवळासाठी सत्याग्रहाची हाक उठली. एकीकडं तळं, दुसरीकडं देऊळ. घशाची तहान आणि जिवाची तहान या दोन्ही विहिरींवर पहारा एकाच माणसांचा होता. ज्यानं पहिली विहीर अडवली, त्याची दुसऱ्या विहिरीची तहान खरी कशी म्हणावी?

इथं मले रमाबाईंचं पुढचं आयुष्य आठवते. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या आपल्या शेजारच्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी पोरी, विधवा, टाकलेल्या बाया शेकड्यांनी केडगावले घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ उभं केलं. तिथं शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. शिवाय म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून, सामान्य बायांले कळेल अशा मराठीत बायबल आणायचं काम त्या १९२२ मध्ये मरेपर्यंत करत राहिल्या. लहानपणी दुष्काळात ज्या पोरीनं आई-बापाले मरताना पाहिलं, तिची देवाची तहान तिले फिरवून पुन्हा दुष्काळातच घेऊन आली. मी हिले खरी तहान म्हणतो.

कोणी म्हणेल, मग सेवाच करा, देव कशाले पाहिजे? याचं उत्तर मले मदर तेरेसांच्या पत्रांत मिळालं. त्या गेल्यावर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, ती पत्रं छापली गेली आणि जग चकित झालं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांले देव जवळ आहे असं वाटतच नव्हतं. आत कोरड, अंधार. त्यांच्या प्रत्येक प्रार्थनाघरात क्रुसाजवळ तहानेचा तो शब्द लिहिलेला असते, आणि त्या शब्दाखाली ही बाई स्वतः तहानलेली गुडघे टेकत होती. काहींनी लिहिलं, पाहा, हिचा विश्वासच नव्हता. मले उलटं वाटते. ज्याले पाणी मिळाल्याची खात्री आहे त्यानं दुसऱ्याले पाजणं सोपं आहे. आपला घसा कोरडा असताना कलकत्त्याच्या रस्त्यावरच्या माणसाच्या ओठाले पाणी लावणं, आणि ते देवाच्या नावानं लावणं, हे तहानेशिवाय होत नाही. सेवेचा कंटाळा येते, सेवेचा गर्व होते, सेवेचा धंदाही होते. आत तहान राहिली तर माणूस त्यातून वाचते, कारण त्याले आपण दाता आहो असं वाटायले जागाच उरत नाही. तोही मागणाराच असते.

मी ख्रिस्ती नाही आणि होणारही नाही; माझी विहीर माझ्या बापानं दाखवलेली आहे आणि तिचं पाणी मले लागते. पण या लोकांच्या गोष्टींनी मले माझ्या विहिरीचं पाणी चाखून पाहायची सवय लावली. वारीहून आलेला माणूस घरच्यांवर खेकसत असेल तर पाणी खारं होतं. सप्त्याच्या मांडवात पंगत बसली आणि कोणाले वेगळं बसवलं, तर पाणी खारं होतं. प्रार्थना करून उठलेल्या माणसाले दारातल्याची कोरड दिसली नाही, तर चर्च असो की देऊळ, पाणी खारं होतं. ते कितीही प्यालं तरी घसा कोरडाच राहणार आणि माणूस म्हणणार, देव कुठं आहे, मले तर भेटत नाही.

देव भेटते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण तो येईल तर कसा येईल याचा अंदाज दोन्ही पोथ्यांनी दिला आहे. तो हातात काही घेऊन येणार नाही. ना दोर ना बादली, भर दुपारी, थकलेला, ज्याच्या हातचं आपल्याले चालत नाही अशा कोणाच्या तरी रूपानं. आणि पहिल्यांदा एवढंच म्हणेल की, थोडं पाणी दे.